पुरूरवा–उर्वशी कथा

स्वर्गातील अप्सरा उर्वशी आणि मर्त्य लोकातील राजा पुरूरवा ह्यांच्या प्रेमाची प्राचीन भारतीय कथा. ऋग्वेदातील एका संवादसूक्तात ती प्रथम आढळते. ब्राह्मणग्रंथ, महाभारत, पुराणे व कथावाङ्‌मय ह्यांतून तिची निरनिराळी रूपे तयार झाली आणि कालिदासाच्या विक्रमोर्वशीय ह्या पाच अंकी नाट्यकृतीत तिला सर्वांत प्रसन्न रूप लाभले. मूळ कथा ताटातुटीची व बरीचशी कठोर आहे. कालिदासाने तिची खेळकर, मीलनांत प्रणयकथा केली. हे परिवर्तन कसे घडले आणि त्याचे मोल कथेतील कोणाला द्यावे लागले, हा ह्या कथेच्या इतिहासातील लक्षणीय भाग होय.

पुरूरवा हा बुध व इला ह्यांचा पुत्र. आईच्या नावावरून त्यास ‘ऐल’ असेही म्हणतात. बुध हा सोमाचा म्हणजे चंद्राचा पुत्र असल्यामुळे पुरूरव्यापासून सोमवंशाचा पृथ्वीवरील विस्तार सुरू झाला, असे पुराणे मानतात. त्याची राजधानी प्रतिष्ठान ही होती. हे प्रतिष्ठान म्हणजे गोदावरीकाठचे पैठण नव्हे. ते प्रयागजवळ, गंगेच्या पैलतीरी, आजच्या झूसीच्या परिसरात असल्याचे मानतात. पुरूरवा व उर्वशी ह्यांचा पुत्र आयू, त्याचा नहुष, नहुषाचा ययाती आणि ययातीचे यदू, पूरू इ. पुत्र अशी ही वंशावळ आहे. कौरव-पांडव आणि यादव हे दोन्ही वंश त्यामुळे ह्या प्रेमकथेशी जोडले जातात. देवगिरीच्या यादवांनीही आपला वंश यदूपासून सांगितला आहे. उर्वशीच्या नावाच्या एकाहून अधिक व्युत्पत्त्या यास्काने निरुक्तात दिल्या आहेत. ती नारायण ऋषीच्या ऊरूपासून म्हणजे मांडीपासून जन्मली, ही कल्पना उत्तरकालीन असून कालिदासाने ती स्वीकारलेली आहे.

वैदिक रूप : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९५ वे सूक्त १८ ऋचांचे असून ते पुरूरवा व उर्वशी ह्यांच्या संवादाच्या स्वरूपात आहे. कथानक त्यात सांगितलेले नाही. ते श्रोत्यांना परिचित आहे, असे गृहीत धरलेले दिसते. संवाद सुरू होतो, तेव्हा उर्वशी राजाला सोडून निघालेली आहे. राजा तिला थांबण्याची विनवणी करतो. आपण पहिल्या उषेसारख्या निघून गेलो असून वाऱ्याप्रमाणे हाती लागणार नाही, असे ती त्यास सांगते. राजा प्राणत्यागाची भाषा करतो, लांडग्यांनी आपल्याला खावे असे म्हणतो. त्यावर ती त्याला मरणापासून परावृत्त करते, पण स्त्रियांशी मैत्री टिकत नसते आणि त्यांची हृदये हिंस्र श्वापदांची असतात, असे स्वतःच बजावते. मर्त्यांमध्ये आपण चार शरद ऋतू राहिलो व दिवसाकाठी थोड्याशा तुपावर तृप्त राहिलो, असेही ती सांगते. अखेरच्या ऋचेत इळापुत्र पुरूरव्याला ‘मृत्युबंधू’ म्हणजे मृत्यूशी नाते असलेला असे म्हटले आहे. त्याची प्रजा देवांना हवी अर्पण करील व तो स्वतः स्वर्गात आनंद पावेल, असे आश्वासन त्यात आहे. देव व मर्त्य ह्यांतील अंतर ह्या सूक्तात कोठेही पुसले जात नाही.

सूक्तात अध्याहृत असलेली कथा शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडात सविस्तर आली आहे. उर्वशीने राजाजवळ राहताना काही अटी घातल्या होत्या. तिच्या इच्छेविरुद्ध राजाने तिच्याजवळ जाऊ नये आणि तो विवस्त्र अवस्थेत तिच्या दृष्टीस पडू नये, ह्या त्यांपैकी महत्त्वाच्या. ती फार काळ मनुष्यांत राहिली म्हणून गंधर्वांनी तिला परत नेण्याची युक्ती योजिली. तिच्या शय्येला बांधलेली दोन कोकरे त्यांनी रात्री पळविली. येथे कोणी वीर पुरुष नाहीच की काय, असा आक्रोश उर्वशीने केला. तो ऐकून राजा वस्त्र घेण्यासही न थांबता धावला. त्याच क्षणी गंधर्वांनी वीज चमकविली, राजा तिला विवस्त्र दिसला आणि ती अंतर्धान पावली. पुढे कुरुक्षेत्रात हिंडताना एका कमळांच्या सरोवरात पाणपक्ष्यांच्या रूपाने पोहणाऱ्या अप्सरांत ती त्याला भेटली. ऋग्वेदातील संवाद ह्या भेटीच्या वेळचा, असे ब्राह्मणकार मानतो. वर्षाच्या अखेरच्या रात्री ये, एवढे वचन तिने त्यास दिले. त्या रात्री गंधर्वांनी त्याला वर मागण्यास सांगितले. ‘तुमच्यांतील एक होऊ द्या’, असे मागण्याचा सल्ला उर्वशीनेच दिला होता. गंधर्वांनी त्यास स्थालीत अग्नी दिला. तो अग्नी पुढे अश्वत्थाच्या व ज्या स्थालीत तो होता ती शमीच्या झाडात रूपांतरित झाली, आणि अरणींच्या मंथनाने निर्माण केलेल्या अग्नीत यजन करून राजा गंधर्व झाला.

ह्या कथेचा यज्ञविधीशी असलेला संबंध ह्याहून व्यापक आहे. अग्निमंथनाच्या वेळी खालच्या अरणीला उर्वशी, वरच्या अरणीला पुरूरवा आणि तुपाच्या पात्राला आयू असे संबोधण्याची प्रथा यजुर्वेदात आहे. त्यामुळे मर्त्याला देवत्व मिळवून देणारी शक्ती प्रेमाहून वेगळी, म्हणजे अग्नीची उपासना ही आहे, असा ब्राह्मणकाराचा अभिप्राय दिसतो.

अर्थविवेचन : ह्या सूक्ताचा अर्थ लावण्याचे प्रयत्न यास्कापासून होत आले आहेत. माक्स म्यूलर ह्यांनी १८५६ मध्ये उर्वशी म्हणजे उषा व पुरूरवा म्हणजे सूर्य, असे प्रतिपादिले. सूर्य पूर्ण तेजाने प्रकट होताच उषा नाहीशी होते, हे निसर्गदृश्य कथेच्या मुळाशी आहे, असे त्यांचे मत होते. सर्वच देवकथा निसर्गरूपके म्हणून उलगडण्याची ती पद्धती पुढे मागे पडली. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) ह्यांनी १९५१ साली अगदी वेगळी मांडणी केली व नंतर ती मिथ अँड रिॲलिटी (१९६२) ह्या ग्रंथात समाविष्ट केली. त्यांच्या मते पुरूरव्याच्या तोंडचा मृत्यूचा उल्लेख हा प्रेमिकाचा अतिशयोक्त विलाप नाही. देवीची प्रतिनिधी असलेल्या स्त्रीशी विधिपूर्वक समागम झाल्यावर पुरुषाचा बळी देण्याची आदिम प्रथा सूक्तामागे आहे व पुरूरवा आपले प्राण वाचावेत म्हणून याचना करीत आहे. ही उपपत्ती सर्वमान्य झाली नाही. तथापि सूक्तातील भय व कठोरता ह्यांकडे तिने अभ्यासकांचे लक्ष वेधले.

महाकाव्य व पुराणे : महाभारताच्या आदिपर्वात पुरूरव्याचे चित्र फारसे उजळ नाही. गंधर्वलोकातून उर्वशीसह अग्नी आणणारा हा राजा बलाने उन्मत्त होऊन ब्राह्मणांचे धन हरण करू लागला व ऋषींच्या शापाने नाश पावला, असे तेथे म्हटले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातही लोभामुळे चारही वर्णांकडून अमर्याद द्रव्य उकळणारा व त्यापायी नष्ट झालेला राजा म्हणून ऐलाचे उदाहरण दिले आहे. राजनीतिकारांच्या परंपरेला तो प्रेमिक म्हणून नव्हे, तर लोभी राजा म्हणून आठवतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

विष्णुपुराणात व भागवताच्या नवव्या स्कंधात शतपथातील कथा बहुतांशी कायम असून मित्र व वरुण ह्यांच्या शापामुळे उर्वशीला पृथ्वीवर यावे लागले, अशी जोड तीस दिलेली आहे. मत्स्यपुराणातील कथा मात्र निराळी आहे. केशी दानवाचा पराभव करून राजा उर्वशीला सोडवितो. पुढे भरताच्या लक्ष्मीस्वयंवर ह्या प्रयोगात लक्ष्मीची भूमिका करीत असता, राजाला पाहून तिला अभिनयाचा विसर पडतो व भरत तिला लता होण्याचा शाप देतो. हे प्रसंग विक्रमोर्वशीयाशी इतके जुळतात, की दोहोंमध्ये संबंध असणे निश्चित वाटते. परंतु पुराणाने नाटकाचा आधार घेतला की नाटककाराने पुराणाचा, ह्याविषयी मतभेद आहेत. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचिलेल्या कथासरित्सागरात रंभेच्या नृत्यातील चुकीला राजा हसतो, उर्वशीकडून आपल्याला तिच्याहून अधिक कळते अशी फुशारकी मारतो व त्यामुळे रागावलेल्या तुंबरूच्या शापाने दोघांचा वियोग होतो, असे वर्णन आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधातील २६ वा अध्याय ऐलगीता म्हणून प्रसिद्ध आहे. उर्वशी निघून गेल्यावर विरक्त झालेल्या राजाचे आत्मनिरीक्षण त्यात आले आहे. एकनाथांनी ह्या स्कंधावर लिहिलेली एकनाथी भागवत ही टीका १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण झाली. तिच्यामुळे मराठी श्रोत्यांना पुरूरवा भेटला तो विषयासक्तीतून जागा झालेला, वैराग्याचा दृष्टांत म्हणून.

विक्रमोर्वशीय : कालिदासाचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक असा मानतात. नाटकाच्या नावातील ‘विक्रम’ ह्या शब्दात दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या विक्रमादित्य ह्या बिरुदाची सूचना असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. नाटकात मात्र तो शब्द पराक्रम ह्या अर्थाने येतो व राजाने उर्वशीला पराक्रमाने मिळविले, हा त्याचा सरळ अर्थ आहे. दिव्य व मानवी पात्रांचे मिश्रण असल्यामुळे विश्वनाथाने साहित्यदर्पणात ह्या कृतीचे ‘त्रोटक’ ह्या उपरूपक-प्रकाराचे उदाहरण म्हणून नाव घेतले आहे. दक्षिणेकडील हस्तलिखितांत तिला नाटक असेच म्हटले आहे.

पहिल्या अंकात सूर्याची उपासना करून परतणारा पुरूरवा केशी दानवाच्या तावडीतून उर्वशी व तिची सखी चित्रलेखा ह्यांची सुटका करतो. वेदाभ्यासाने शुष्क झालेल्या म्हाताऱ्या मुनीने हे लावण्य निर्माण केले असणे शक्य नाही, अशी मिष्किल शंका तिला पाहून त्याच्या मनात येते. निरोपाच्या वेळी उर्वशीचा हार वेलीत अडकतो. तो सोडविण्यास ती चित्रलेखेला सांगते व तेवढ्यात राजाकडे पुन्हा पाहून घेते. दुसऱ्या अंकात ती अदृश्य रूपाने प्रमदवनात येते व भूर्जपत्रावर प्रेमसंदेश लिहून राजापुढे टाकते. विदूषकाला ती सापाची कात वाटते. तिचे मोल कळल्यावरही तो ते पत्र सांभाळू शकत नाही. वाऱ्याने उडालेले पत्र नेमके राणी औशीनरीच्या हाती पडते व राजाला तिच्या पायांवर लोटांगण घालण्याची पाळी येते. तिसऱ्या अंकाच्या आरंभी भरतमुनींचे दोन शिष्य स्वर्गातील नाट्यप्रयोगाची हकिकत सांगतात. तुझे मन कोणावर जडले आहे, ह्या प्रश्नाला लक्ष्मीच्या भूमिकेतील उर्वशीने ‘पुरुषोत्तम’ असे उत्तर द्यावयाचे होते. तिच्या तोंडून ‘पुरूरवा’ असे निघाले. भरतांनी शाप दिला, पण इंद्राने तो सौम्य केला : पुत्राचे मुख राजाच्या दृष्टीस पडेपर्यंत तिने त्याच्याजवळ राहावे.

चौथ्या अंकात गंधमादन पर्वतावर विहार करीत असता राजा वाळूत खेळणाऱ्या उदयवती नावाच्या विद्याधरकन्येकडे टक लावून पाहतो. रागावलेली उर्वशी स्त्रियांना निषिद्ध असलेल्या कार्तिकेयाच्या वनात शिरते व तिची लता होते. वियोगाने वेडा झालेला राजा मोर, कोकिळा, हंस, चक्रवाक, भुंगा, हत्ती, पर्वत व नदी ह्यांना तिचा ठावठिकाणा विचारीत फिरतो. शेवटी संगमनीय मण्याच्या प्रभावाने, आलिंगन दिलेल्या लतेतून उर्वशी पुन्हा प्रकट होते. पाचव्या अंकात तो मणी मांसखंड समजून एक गिधाड पळविते. ज्या बाणाने ते मारले जाते, त्यावर पुरूरवा व उर्वशी ह्यांच्या पुत्राचे, आयूचे, नाव कोरलेले असते. पुत्र झाल्याचे राजाला ठाऊकच नसते. वियोग टळावा म्हणून उर्वशीने त्यास च्यवनाच्या आश्रमात ठेवलेले असते. पुत्रदर्शनामुळे आता तिने परत जाणे प्राप्त होते, पण नारद इंद्राचा निरोप घेऊन येतो : दैत्यांशी युद्ध होणार आहे, राजाने शस्त्र खाली ठेवू नये, उर्वशी जन्मभर त्याची सहधर्मचारिणी होऊन राहील.

मूळ कथेशी तुलना केल्यास कालिदासाने केलेले फेरफार स्पष्ट होतात. दर्शनाने मोडणारी अट त्याने कायम ठेवली, परंतु राजाच्या नग्नतेच्या जागी पुत्राचे मुख आणले. जुन्या कथेत नियम मोडतो तो पुरुषाकडून व फसवणुकीने. येथे चुका उर्वशीच्या हातून होतात आणि त्या दोन्ही प्रेमापोटी घडलेल्या आहेत, एक तोंडून निसटलेल्या नावाची व दुसरी मत्सराच्या भरात टाकलेल्या पावलाची. सूक्तातील उर्वशी दूर जाते. नाटकातील उर्वशी स्वतःहून जवळ येते, पत्र लिहिते, पाठीमागून येऊन राजाचे डोळे झाकते. देवलोक आणि मर्त्यलोक ह्यांतील अंतर भूर्जपत्र, अडकलेला हार व विसरलेला संवाद अशा साध्या वस्तूंनी व प्रसंगांनी ओलांडले जाते. नाटकाचा खेळकरपणा ह्यातच आहे. उगवत्या चंद्रात विदूषकाला मोदक दिसतो, हा विनोदही त्याच जातीचा आहे.

असे असले, तरी सुखान्ताचे मोल कोणाला तरी द्यावे लागतेच. काशिराजकन्या औशीनरी ही राजाची विवाहित राणी. दुसऱ्या अंकातील तिचा राग रास्त आहे. तिसऱ्या अंकात ती चांदण्या रात्री व्रत करून, राजाला जी स्त्री प्रिय असेल तिच्याशी आपण सलोख्याने राहू, अशी प्रतिज्ञा रोहिणी व चंद्र ह्यांच्या साक्षीने करते आणि त्यानंतर पुन्हा रंगभूमीवर येत नाही. अखेरीस उर्वशी आयूला थोरल्या आईला वंदन करण्यास सांगते, त्यावेळीही ती पडद्याआडच असते. उर्वशीलाही पतीचा सहवास राखण्यासाठी पुत्राला जन्मापासून दूर ठेवावे लागते. आणि इंद्राची कृपा निर्हेतुक नाही. त्याला आगामी युद्धात पुरूरव्याची गरज आहे. हे सर्व कालिदासाने लपविलेले नाही. हलक्या हाताने पण नेमके नोंदविले आहे.

संहिता व संशोधन : विक्रमोर्वशीयाची संहिता उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन परंपरांत उपलब्ध आहे. उत्तरेकडील हस्तलिखितांत चौथ्या अंकात अपभ्रंश भाषेतील गेय पद्ये व त्यांबरोबर गायन-नर्तनाच्या सूचना आढळतात. दक्षिणेकडील परंपरेत ती नाहीत आणि काटयवेम ह्या टीकाकाराला ती परिचित दिसत नाहीत. रंगनाथाच्या टीकेत (१६५६) मात्र त्यांचे विवरण आहे. उत्तम पात्र असलेल्या राजाने संस्कृतच बोलावे, असा नाट्यशास्त्राचा संकेत असल्याने ही पद्ये प्रक्षिप्त मानण्याकडे अनेकांचा कल आहे. उलट, उन्मादावस्थेत भाषा बदलणे स्वाभाविक असून ती प्रयोगाच्या संगीतासाठी असावीत, असाही पक्ष मांडला जातो. हा वाद नाटकापुरता मर्यादित नाही. ही पद्ये कालिदासाची ठरल्यास अपभ्रंशातील वाङ्‌मयीन रचनेचा प्रारंभ बराच मागे न्यावा लागतो आणि मराठीसह अर्वाचीन आर्य भाषांच्या पूर्वेतिहासाशी त्या भाषेचा निकटचा संबंध आहे.

ह्या नाटकाचा इंग्रजी अनुवाद होरेस हेमन विल्सन ह्यांनी १८२७ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर लेंट्स (बर्लिन, १८३३) व बोलेन्झेन (सेंट पीटर्झबर्ग, १८४६) ह्यांच्या आवृत्त्या निघाल्या आणि दक्षिणेकडील हस्तलिखितांवर आधारित संहिता पिशेल ह्यांनी १८७५ मध्ये प्रकाशित केली. महाराष्ट्रात शंकर पांडुरंग पंडित ह्यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमालेसाठी केलेली आवृत्ती (१८७९) महत्त्वाची आहे. अपभ्रंश पद्ये मूळ संहितेतून वगळून त्यांनी परिशिष्टात दिली. साहित्य अकादेमीसाठी ह. दा. वेलणकर (१८९३–१९६७) ह्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीत कृष्णशास्त्री राजवाडे ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ह्या नाटकाचे भाषांतर केले. वा. वि. मिराशी ह्यांच्या कालिदास (१९३४) ह्या ग्रंथामुळे कालिदासाच्या चरित्राचा व कृतींचा साधार परिचय मराठी वाचकांना झाला.

अर्वाचीन काळात श्रीअरविंदांनी विक्रमोर्वशीयाचा इंग्रजी पद्यानुवाद केला. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) ह्यांनी उर्वशी-पुरूरव्याच्या विरहाचे चित्र रंगविले. रवींद्रनाथ टागोरांच्या १८९५ मधील ‘उर्वशी’ ह्या कवितेत ती कोणाचीही माता, कन्या वा वधू नसलेली शुद्ध सौंदर्यमूर्ती होते. रामधारी सिंह दिनकर ह्यांनी उर्वशी (१९६१) ह्या हिंदी काव्यनाट्यात देह आणि आत्मा ह्यांतील द्वंद्व मांडले व औशीनरीच्या दुःखाला वाचा दिली. त्या कृतीस १९७२ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

ह्या सर्व रूपांतरांत एक प्रश्न कायम राहिलेला दिसतो : अमर व मर्त्य ह्यांचे सख्य कोणत्या अटीवर शक्य आहे? शतपथात मर्त्यच अग्नीच्या साहाय्याने वर चढतो व गंधर्व होतो. ऐलगीतेत तो आसक्ती सोडून मुक्त होतो. कालिदासाच्या नाटकात स्वर्गीय स्त्री पृथ्वीवर राहते, परंतु इंद्राने तिला दिलेली मुदत राजाच्या आयुष्यापुरतीच आहे. ज्या पुत्राच्या दर्शनाने वियोग ओढवणार होता, त्याच्या नावाचा अर्थही आयुष्य हाच आहे. ऋग्वेदाने पुरूरव्याला लावलेले ‘मृत्युबंधू’ हे विशेषण कालिदासाने अशा रीतीने खोडून काढलेले नाही. त्या मर्यादेच्या आत जेवढे सुख शक्य आहे, तेवढे त्याने आपल्या नायकाला दिले आहे.